पारदर्शकता : संकल्पना आणि कसोटी

शासनव्यवहाराच्या चर्चेत ‘पारदर्शकता’ हा शब्द सर्वत्र योजिला जातो. त्याचा अर्थ मात्र क्वचितच निश्चित केला जातो. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या उद्देशिकेत हा शब्द आहे. परंतु व्याख्यांच्या कलमात ‘माहिती’ व ‘अभिलेख’ यांची व्याख्या आढळते, पारदर्शकतेची नाही. परिणामी, जितकी कागदपत्रे अधिक उघड तितकी पारदर्शकता अधिक, असे समीकरण रूढ झाले आहे. ते टिकण्यासारखे नाही.

अधिनियमाचे चौथे कलम बारकाईने पाहिल्यास निराळी कल्पना हाती येते. अभिलेखांची पद्धतशीर सूची ठेवणे, निर्णय घेण्याची कार्यपद्धती प्रसिद्ध करणे आणि बाधित व्यक्तींना निर्णयाची कारणे देणे, ही कर्तव्ये तेथे सार्वजनिक प्राधिकरणांवर घातलेली आहेत. म्हणजे नागरिकास निर्णयापासून त्याच्या कारणापर्यंत माग काढता येणे, हे पारदर्शकतेचे खरे लक्षण होय. माहिती उघड होणे ही तिची अट आहे. तिचे सर्वस्व नव्हे.

हा भेद निवडणूक रोख्यांच्या प्रकरणात स्पष्ट दिसतो. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ही योजना घटनाबाह्य ठरविली. त्यानंतर मार्चमध्ये प्रथम दोन याद्या प्रसिद्ध झाल्या : एक रोखे खरेदी करणारांची, दुसरी ते वटविणाऱ्या पक्षांची. नावे होती, रकमा होत्या. परंतु कोणाचा रोखा कोणत्या पक्षास पोहोचला, हे त्यांवरून कळत नव्हते. न्यायालयाच्या १८ मार्चच्या आदेशानंतर रोख्यांचे विशिष्ट क्रमांक बाहेर आले, तेव्हाच हा संबंध जुळविता आला.

या कसोटीपुढे व्यक्तीच्या खासगीपणास स्थान उरत नाही, असा आक्षेप संभवतो. तो निराधार आहे. मूळ आठव्या कलमात, सार्वजनिक कार्याशी संबंध नसलेल्या व्यक्तिगत माहितीस संरक्षण होतेच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमातील दुरुस्तीने मात्र संबंधाची ही अटच वगळली. लोकहितार्थ माहिती देण्याची मुभा देणारे सर्वसाधारण पोटकलम कायम राहिले, हे खरे. तथापि व्यक्तिगत माहिती व सार्वजनिक कर्तव्य यांतील भेद खुद्द अपवादातून नाहीसा झाला. निर्णयाचा माग अधिकाऱ्याच्या नावापाशीच खुंटण्याचा धोका यातून उद्भवतो.

सारांश, प्रशासनाचे मूल्यमापन निकाली काढलेल्या अर्जांच्या संख्येवरून करणे अपुरे होय. निर्णय कोणी, कोणत्या आधारावर व कोणत्या कारणास्तव घेतला, हे सामान्य नागरिकास त्या अभिलेखांवरून सांगता येते काय, हाच प्रश्न निर्णायक ठरतो.