आत थोडी माया ठेवा

‘कामिकाझे गर्ल्स’ या जपानी सिनेमाची नायिका मोमोको सुरुवातीलाच हवेत उडते. स्कूटरवरून सुसाट जाताना ती कोबीने भरलेल्या ट्रकला धडकते. आजूबाजूला कोबीचे गड्डे तरंगत असतात आणि ही बाई झालरींच्या फ्रॉकमध्ये, हवेतल्या हवेत, आपल्याला सांगू लागते की आपण खरंतर अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये जन्मायला हवं होतं. जन्मली मात्र जपानमध्ये, आणि राहते इबाराकी प्रांतातल्या शिमोत्सुमा या भातशेतीतल्या गावात. तिथले लोक सगळे कपडे जुस्को नावाच्या सुपरमार्केटमधून घेतात आणि त्याचा त्यांना प्रचंड अभिमान असतो. तुमच्या गावातलं डीमार्ट डोळ्यांसमोर आणा, म्हणजे विनोद कळेल.

नोवाला ताकेमोतो यांची कादंबरी 2002 मध्ये आली, तेत्सुया नाकाशिमा यांनी तिच्यावर 2004 मध्ये सिनेमा केला. मूळ नाव ‘शिमोत्सुमा मोनोगातारी’, म्हणजे शिमोत्सुमाची गोष्ट. इतक्या वर्षांनी त्यावर लिहिण्याचं कारण तुमच्या-माझ्या फोनमध्ये आहे. पेस्टल रंगांची खोली, लेसचा फ्रॉक, फेसमास्क, हर्बल टी, बाजूला शिलाई मशीन, आणि खाली ‘सेल्फ-केअर संडे’. गोंडस दिसणं, स्वतःची काळजी घेणं आणि हाताने काहीतरी बनवणं या तीन गोष्टी रीलमध्ये एकाच तीस सेकंदांत छान मावतात. प्रत्यक्षात त्या एकमेकींच्या पायात पाय घालतात. ते कसं घडतं, हे या सिनेमात दिसतं. काही ठिकाणी सिनेमाला स्वतःलाही ते कळलेलं नाही, आणि माझं भांडण तिथेच आहे. (पुढे गोष्टीतले बरेच तपशील फुटणार आहेत.)

आधी नावाचा घोळ मिटवू. मोमोको जी फॅशन करते तिला ‘लोलिता’ म्हणतात. नाबोकॉव्हच्या 1955 च्या कादंबरीमुळे हा शब्द ऐकला की आपण दचकतो. पण ही फॅशन करणाऱ्यांचा रोख नेमका उलटा आहे. गुडघ्यापर्यंतचा घेर, गळ्यापर्यंत बंद ब्लाऊज, लांब मोजे, बॉनेट. पुरुषाच्या नजरेला आवडावं म्हणून यात काही नाही, स्वतःच्या डोळ्यांना आवडावं म्हणून आहे. मोमोकोचा लाडका ब्रँड ‘बेबी, द स्टार्स शाइन ब्राइट’ सिनेमासाठी बनवलेला नाही. तो खरा आहे, 1988 मध्ये सुरू झालेला. त्याचे संस्थापक अकिनोरी इसोबे सिनेमात एक पात्र म्हणून येतात.

हे कपडे स्वस्त नाहीत. नवा फ्रॉक सहज 25-30 हजार येनला पडतो, म्हणजे आपल्या हिशेबात पंधरा हजारांच्या आसपास. त्यामुळे या फॅशनच्या पोटात सुरुवातीपासून दोन प्रवाह आहेत: विकत घेणारे आणि शिवणारे. 2001 मध्ये सुरू झालेल्या ‘गॉथिक अँड लोलिता बायबल’ या मासिकात एकीकडे ब्रँडचे चकचकीत फोटो असत आणि दुसरीकडे घरी शिवण्यासाठी कापडावर ठेवून कापायचे कागदी नमुने. एकाच मासिकात हाव आणि हुन्नर शेजारी-शेजारी.

मोमोको दोन्ही आहे. ब्रँडसाठी ती काहीही करते. बापाचा नकली व्हर्साचीचा उरलेला माल जाहिरात देऊन विकते, आणि त्या जाहिरातीमुळेच तिच्या दारात इचिगो उभी राहते. इचिगो म्हणजे मोटरसायकल टोळीतली मुलगी, आली की थेट डोक्याने टक्कर देणारी. ही अशक्य मैत्री म्हणजे सिनेमाचा कणा. पण त्या मैत्रीला धरून ठेवणारा धागा अक्षरशः धागा आहे. मोमोकोला भरतकाम येतं.

सिनेमात तिच्या भरतकामाचे तीन टप्पे आहेत, आणि ते एकाशेजारी एक ठेवून पाहण्यासारखे आहेत.

पहिला तिच्या बॉनेटवरचा. तो तिने स्वतःसाठी केलाय, कुणी सांगितलेलं नाही, कुणी पाहणार नाही. इसोबेंच्या नजरेला तो पडतो आणि ते थक्क होतात. दुसरा इचिगोच्या लांब कोटावरचा. टोळीची म्होरकी निवृत्त होणार म्हणून इचिगोला कोटावर भरतकाम करून हवं असतं. दोघी त्यासाठी एक दंतकथेतली कारागीर शोधत फिरतात, ती सापडत नाही, आणि मोमोको म्हणते की मी करते. झोप बाजूला ठेवून ती तो कोट पूर्ण करते. तिसरा टप्पा म्हणजे खुद्द ब्रँडने दिलेलं काम. जिच्या दुकानाच्या काचेला नाक लावून उभी राहायची, त्या दुकानासाठी भरतकाम. स्वप्न पूर्ण. आणि नेमक्या याच वेळी तिचा हात अडखळतो.

या अडखळण्यासाठी मी सिनेमाला पैकीच्या पैकी मार्क देते. छंद, भेट आणि ऑर्डर या तिन्हींत टाका तोच, धागा तोच, बोटं तीच. पण ऑर्डर आली की टाक्याला तारीख चिकटते. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, मला हा फरक अंगात ओळखू येतो. रविवारी स्वतःसाठी लिहिलेला छोटासा प्रोग्रॅम आणि सोमवारी कुणाच्या तरी डेडलाइनसाठी लिहिलेला प्रोग्रॅम, भाषा एकच असते, खांदे वेगवेगळे दुखतात. ‘आवडीचं काम निवडा म्हणजे आयुष्यात कधी काम करावं लागणार नाही’ छापाचं तत्त्वज्ञान सिनेमा एका घाबरलेल्या चेहऱ्यातून मोडीत काढतो, आणि त्यावर भाषण देत नाही.

आता भांडण. कोट भरण्याची रात्र सिनेमा ज्या पद्धतीने दाखवतो, ती मला पटत नाही. जागरण इथे प्रेमाची पावती होतं. इचिगोच्या डोळ्यांत पाणी येतं, आपल्याही येतं, आणि आपण नकळत एक समीकरण मान्य करतो: जितकी झोप जाळली तितकं प्रेम खरं. हेच समीकरण मी ऑफिसांत पाहिलंय. रिलीजच्या आदल्या रात्री पिझ्झा मागवला जातो, पहाटे चारला ग्रुप फोटो निघतो, आणि दुसऱ्या दिवशी ‘काय टीम आहे!’ असा मेल येतो. मनगटाला लावलेला पट्टा त्या फोटोत दिसत नाही. भरतकामात डोळे, मान आणि मनगट यांच्यावर येणारा ताण आणि कीबोर्डवर येणारा ताण एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत. दोन्ही ठिकाणी नजर हातभर अंतरावर खिळलेली, पाठीला पोक, एकच बारीक हालचाल हजारो वेळा. डोळ्यांचे डॉक्टर सांगतात तो 20-20-20 चा नियम (दर 20 मिनिटांनी 20 फूट लांब, 20 सेकंद बघा) सुईवाल्यांनाही तितकाच लागू आहे. मोमोकोच्या खिडकीबाहेर मैलभर हिरवी भातशेती आहे. दर वीस मिनिटांनी तिने मान वर केली असती तर कोट कदाचित दोन दिवस उशिरा झाला असता. मैत्री तेवढीच राहिली असती.

दुसरी गोष्ट सिनेमा दाखवतच नाही, कारण त्याला तिची गरज पडत नाही. क्योको फुकादाला प्रत्येक फ्रॉक बसतो. पडद्यावर एकदाही चेन अडकत नाही, बटण ताणत नाही. प्रत्यक्षात या ब्रँडचे कपडे बहुधा एक-दोन मापांतच येतात. पाठीत इलॅस्टिकच्या चुण्या घालून थोडी ताणायची सोय केलेली असते, पण ती थोडीच. खांदे रुंद असतील, छाती भरलेली असेल, कंबर जपानी नमुन्याच्या बाहेर असेल, तर फ्रॉक तुम्हाला नाही म्हणतो. आमच्या क्षेत्रात याला ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ म्हणतात. एका शरीरावर तपासलेला कपडा सगळ्यांना विकायचा, आणि तो कुणाला बसला नाही तर दोष गिऱ्हाइकाच्या मशीनचा.

इथून पुढे दोन रस्ते फुटतात. एक रस्ता शरीर बदलण्याचा. जेवण टाळणं, पोट आवळणं, ‘या फ्रॉकसाठी पाच किलो’ अशी प्रतिज्ञा. तिला रीलमध्ये ‘वेलनेस’ म्हणतात आणि ती गोंडस फॉन्टमध्ये लिहिलेली असते, म्हणून आपण तिला हिंसा म्हणत नाही. दुसरा रस्ता कपडा बदलण्याचा, आणि तो शिवणकामातून जातो. जपानबाहेर ही फॅशन करणाऱ्या अनेक जणी मशीनकडे वळल्या त्या हौसेपोटी, आणि नाइलाजानेही. ब्रँडला आपलं माप माहीत नाही म्हटल्यावर टेप स्वतःच्याच हातात घ्यावी लागते.

मराठी शिवणकामात यासाठी एक शब्द आहे, आणि तो मला कुठल्याही सेल्फ-केअरच्या पुस्तकापेक्षा जास्त शिकवतो. टिपेच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला आपण ‘माया’ म्हणतो. ‘आत थोडी माया ठेवा हं’ हे वाक्य लहान मुलीचा फ्रॉक शिवायला टाकताना प्रत्येक आईने म्हटलेलं असतं. मूल वाढणार आहे, ब्लाऊजवालीची दंडं भरणार आहेत, बाळंतपण होणार आहे, आजारपणात वजन उतरणार आहे. शरीर बदलणार हे गृहीत धरून कपडा शिवायचा. लागली तर टीप उसवायची आणि बोटभर पुढे मारायची. माया बाहेरून दिसत नाही. तिचा फोटो निघत नाही. उलट कारखान्यात कापड वाचवायचं म्हणून पहिली कात्री तिच्यावरच चालते. दुकानातला स्वस्त टॉप उलटा करून पाहा, टिपेच्या आत जेमतेम अर्धं बोट कापड सापडेल.

मी आईच्या पायमशीनवर, रविवार पेठेतून आणलेल्या सुती कापडाचे फ्रॉक शिवते. पुण्याच्या मे महिन्यात तीन थरांचा पेटीकोट घालणं म्हणजे स्वतःला कुकरमध्ये ठेवणं. म्हणून अस्तर मलमलचं, झालर एकच, आणि खिसे दोन. हा फ्रॉक टोकियोच्या रस्त्यावर नापास होईल. पण तो घालून मी पोटभर जेवू शकते, बसस्टॉपवर वीस मिनिटं उभी राहू शकते. गोंडसपणाने एवढी अट पाळलीच पाहिजे, असं माझं मत आहे: तो घातल्यावर श्वास घेता आला पाहिजे.

या फॅशनचा सगळ्यात प्रसिद्ध चेहरा मिसाको आओकी आहे. 2009 मध्ये जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने ‘कावाई’ संस्कृतीच्या तीन दूत नेमल्या, त्यांतली एक ती. मॉडेल म्हणून जगभर फिरणारी ही बाई पेशाने नर्स आहे. हे वाचल्यावर मला तिच्या झालरी वेगळ्या दिसू लागल्या. जी बाई दुसऱ्यांच्या शरीराची काळजी घेण्याचं काम करते, तिच्या सुट्टीच्या दिवसाचा फ्रॉक पळवाट वाटत नाही. दोन गणवेश आहेत, आणि एकामुळे दुसरा पेलतो. काळजीला वेळ लागतो, हात लागतात आणि दमल्यावर थांबावं लागतं, हे नर्सला शिकवावं लागत नाही. रीलवाल्या सेल्फ-केअरमध्ये नेमकं हेच गायब असतं. तिथे काळजी म्हणजे पार्सल.

इतकं भांडूनही हा सिनेमा मी पुन्हा-पुन्हा पाहते, याचं कारण त्याचा शेवट. ब्रँडचा ड्रेस पोचवायच्या दिवशीच कळतं की इचिगो टोळीच्या तावडीत सापडली आहे. मोमोको इसोबेंना फोन करते. ज्या माणसाच्या दुकानासाठी ती जगते, तोच तिला सांगतो की मैत्रिणीकडे जा. डेडलाइन देणाऱ्यानेच डेडलाइन उसवली! माझ्या नोकरीच्या वर्षांत असा फोन मला आलेला नाही, म्हणून हा प्रसंग मला परीकथेसारखा वाटतो. तरी तो खोटा वाटत नाही. इसोबे स्वतः शिवणारा माणूस आहे. वेळापत्रकातही माया ठेवायची असते, हे त्याला ठाऊक असणार.

मग मोमोको स्कूटर काढते, आणि सुरुवातीचा तो अपघात घडतो. ती उठते, पोचते, चिखलात लोळते. जिवापाड जपलेला फ्रॉक चिखलाने आणि रक्ताने माखतो, आणि आयुष्यभर कुणाचीच पर्वा न केलेली ही मुलगी त्या अवतारात अख्ख्या टोळीसमोर उभी राहून किंचाळते. कॅमेरा तिला त्या क्षणी जितकं देखणं दाखवतो तितकं ती पांढऱ्याशुभ्र बॉनेटमध्येही दिसलेली नाही. कपड्यासाठी शरीर आहे की शरीरासाठी कपडा, या प्रश्नाचं उत्तर सिनेमाने दिलंय. मळलेली झालर धुता येते. फाटली तर उसवून नवी लावता येते. ज्याला शिवता येतं त्याला हे आधीच माहीत असतं, म्हणून तो कपडा बिनधास्त वापरतो.

तर सिनेमा जरूर पाहा, शक्यतो दिवसा. आणि मग सुई हातात घ्यावीशी वाटली तर घ्या. पहिला टाका वाकडा येईल, येऊ दे. मान आखडली तर उठा. कोट उद्याही भरता येतो.