सूरबहार ऐकू येतं का?

मैहर घराण्याला माहितीपटांची ददात कधीच नव्हती. बाबा अल्लाउद्दीन खाँ यांच्यावर ऋत्विक घटकांनी कॅमेरा लावला. जावई रविशंकर यांच्यावर १९७१मध्ये ‘रागा’ आला. मुलगा अली अकबर यांच्या निधनानंतर अमेरिकेत ‘प्ले लाइक अ लायन’ झाला. राहिली ती मुलगी. सूरबहार वाजवणाऱ्या अन्नपूर्णादेवी १३ ऑक्टोबर २०१८ला मुंबईत गेल्या, आणि पुढे निर्मल चंदर यांचा ‘६-ए आकाशगंगा’ आला. २०२४च्या मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट भारतीय माहितीपटाचा मान मिळाला. तो महोत्सव पेडर रोडला फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात झाला. त्या राहत ती ब्रीच कँडीची आकाशगंगा इमारत तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. एवढ्या जवळ असूनही चित्रपट इतका उशिरा व्हावा, यात दोष चित्रपटवाल्यांचा नाही. दाराची घंटा तीनदाच वाजवा, उघडलं नाही तर चिठ्ठी ठेवून जा, अशी पाटी लावणाऱ्या बाईंनी कॅमेऱ्याला आत घेतलंच नसतं.

नामवंत संगीतकाराची एकेकाळची पत्नी हा आता माहितीपटांचा एक रुळलेला विषय झाला आहे, आणि त्याची अडचणही ठरलेली आहे. बाईला नवऱ्याच्या सावलीतून बाहेर काढायचं म्हणून चित्रपट निघतो, पण पैसे उभे राहतात ते नवऱ्याच्या नावावर. २०२१च्या ‘टीना’मध्ये हे फार स्पष्ट दिसतं. गायिका टीना टर्नरचा संगीतकार नवरा आइकशी घटस्फोट १९७८चा. त्यानंतर चार दशकं मुलाखतकार तिला आइकबद्दलच विचारत राहिले. चित्रपट ही छळवणूक नीट दाखवतो, आणि दाखवताना स्वतःही बराच वेळ आइकबद्दलच बोलतो.

फिल कॉक्स यांचा २०१७चा गायिका बेटी डेव्हिसवरचा माहितीपट मला जास्त शहाणा वाटतो. जॅझवादक माइल्स डेव्हिसशी बेटीचं लग्न १९६८चं, जेमतेम वर्षभर टिकलेलं. जिमी हेंड्रिक्स आणि स्लाय स्टोन यांचं संगीत माइल्सच्या कानावर तिने घातलं. जॅझ पुढे ज्या दिशेला वळलं त्यात तिचा हात होता. पण १९७३ ते १९७५ या काळात तिने स्वतः लिहिलेल्या गाण्यांचे तीन अल्बम केले, त्यांतल्या दोहोंची निर्मितीही स्वतः केली, आणि नंतर ती पिट्सबर्गकडे जाऊन गप्प बसली. चित्रीकरणाच्या वेळी ती हयात होती, तरी पडद्यावर चेहरा म्हणून जवळजवळ येत नाही. तिचा आवाज येतो, ॲनिमेशन येतं, आणि गाणी येतात. तिथे चित्रपट वाचतो. ती का गप्प झाली याचं उत्तर न मिळताही तो पाहावासा वाटतो, कारण ती काय करत होती ते कानाला कळतं.

अन्नपूर्णादेवींच्या बाबतीत नेमकं हेच कठीण आहे. त्यांची अधिकृत ध्वनिमुद्रिका एकही नाही. रविशंकरांबरोबरची यमन कल्याणची जुगलबंदी, माँझ खमाज, कौशी असे थोडे तुकडे रसिकांच्या हातून हाती फिरत आले, तेही घरगुती मुद्रणाचे. म्हणून त्यांच्याभोवती संगीताऐवजी आख्यायिका जमली. मैहरच्या महाराजांनी ठेवलेलं नाव, १९४१मध्ये अल्मोड्याला वयाच्या चौदाव्या वर्षी झालेलं लग्न, जॉर्ज हॅरिसनला रियाज ऐकायला मिळालेली परवानगी, ‘अभिमान’ चित्रपट त्यांच्यावरच बेतला ही चर्चा. मैफली का थांबल्या याच्या तर दोन कहाण्या आहेत. बाईंच्या मते त्यांना मिळणारी दाद नवऱ्याला सोसेना, म्हणून त्यांनी शारदामातेसमोर जाहीर न वाजवण्याची शपथ घेतली. रविशंकरांच्या मते त्यांनाच वाजवायचं नव्हतं. कोणाची बाजू खरी, यावर आपले लोक अजून तावातावाने भांडतात. या भांडणाला सूरबहार ऐकलेलं असण्याची अटच नाही, हे त्याचं खरं आकर्षण.

निर्मल चंदर यांनी आधी बेगम अख्तर यांच्यावर ‘ज़िक्र उस परीवश का’ केला होता. लग्नानंतर गाणं सोडलेली ती बाई काही वर्षांनी लखनौ रेडिओवर परत आली. अन्नपूर्णादेवी परतल्या नाहीत. चंदर यांच्या हाती उरलं ते एक घर, काही शिष्य आणि थोडे आवाज. या सामग्रीत भक्तिभाव शिरणं अटळ असतं, कारण शिष्यांसाठी ती गुरुमाँ, आणि गुरुमाँबद्दल कोण उणा शब्द काढेल? मला उणा शब्द नकोच आहे. मला हवा तपशील.

कारण त्या गप्प नव्हत्याच. मैफलीत वाजवणं बंद झालं, शिकवणं आयुष्यभर चाललं. हाताने वाजवून न दाखवता त्या गाऊन सांगत, आणि शिष्य ते आपापल्या वाद्यावर उतरवत. म्हणून सूरबहार वाजवणाऱ्या गुरूकडून सतारीवर निखिल बॅनर्जी, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया आणि नित्यानंद हळदीपूर, सरोदवर बसंत काबरा असे वेगवेगळ्या वाद्यांचे लोक तयार झाले. हरिप्रसादांनी तर सगळं नव्याने शिकायची तयारी दाखवण्यासाठी बासरीचा हातच बदलला. कंठातली मींड बासरीच्या सहा-सात भोकांत कशी बसते, लांब दांडीच्या सूरबहारावरचा जोड सरोदवर आखूड का होतो, हे पडद्यावर दाखवण्यासारखं आहे. त्याला बाईंचं छायाचित्रही लागत नाही.

मराठी वाचकाला या विषयाचं अप्रूप वाटू नये. लक्ष्मीबाई टिळकांपासून सुनीताबाईंच्या ‘आहे मनोहर तरी’पर्यंत, मल्लिका अमरशेख यांच्या ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’पासून माधवी देसाईंच्या ‘नाच गं घुमा’पर्यंत मोठ्या माणसाच्या बायकोने स्वतः लिहिण्याची आपल्याकडे दणकट परंपरा आहे. त्या पुस्तकांतला राग, विनोद आणि अन्यायसुद्धा त्यांचा स्वतःचा आहे. माहितीपटात लेखणी दुसऱ्याच्या हाती असते. लक्ष्मीबाईंनी टिळकांची टर उडवली तशी टर कोणी दिग्दर्शक आपल्या नायिकेच्या नवऱ्याची उडवत नाही. त्याला खलनायक तरी लागतो, नाहीतर तो नवऱ्याला जपून वापरतो. परिणाम असा की बाई कायम गंभीर, कायम पवित्र. अन्नपूर्णादेवींना चुकलेला सूर खपत नसे आणि त्या चांगल्याच कडक होत्या, असं शिष्य सांगतात. कडक गुरू पडद्यावर रंगते, पण त्यागमूर्तीच्या चौकटीत ती मावत नाही.

मणी कौल यांनी १९८२मध्ये ‘ध्रुपद’ केला. त्यात डागर बंधूंच्या आलापाला हवा तेवढा वेळ दिला आहे, मध्ये कोणी येऊन श्रेष्ठत्वाचं प्रमाणपत्र देत नाही. सूरबहाराचा आलाप बीनेच्या, म्हणजे रुद्रवीणेच्या, आलापाचा सख्खा भाऊ आहे, तेव्हा नमुना समोर आहेच. कौशीचा तो खरखरीत मुद्रणाचा तुकडा न कापता लावावा, त्यावर निवेदन नसावं, आणि मग तीच जागा एका शिष्याने बासरीवर आणि दुसऱ्याने सरोदवर वाजवावी. घटस्फोट १९८२चा, हे वाक्य त्यानंतर आलं तरी चालेल.