प्रतीक्षा : सद्गुण की सक्ती?

पतीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली स्त्री साहित्याला फार प्रिय आहे. होमरच्या महाकाव्यातील पेनेलोपी सुमारे वीस वर्षे वाट पाहते व तिची निष्ठा आदर्श म्हणून गौरविली जाते. ही प्रतीक्षा तिच्यावर कोणी लादली, हे मात्र सहसा विचारले जात नाही. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाच्या काळावरील दोन कादंबऱ्यांनी ते विचारले आहे.

त्या देशात पती-पत्नींची ताटातूट कायद्यानेच घडवून आणली होती. १९१३ च्या भूमी कायद्याने कृष्णवर्णीय बहुसंख्याकांसाठी सुमारे ७ टक्के जमीन राखून ठेवली. १९३६ साली ही मर्यादा सुमारे १३ टक्के करण्यात आली. तेवढ्यावर पोट भरेना म्हणून पुरुष खाणींत व शहरांत गेले. तेथे त्यांना केवळ पुरुषांच्या वसतिगृहांत राहावे लागे. पत्नीने सोबत राहावयाचे तर पासचे कायदे आड येत. ते १९८६ साली रद्द झाले. गावी राहिलेली स्त्री शेत, मुले व वृद्ध यांना सांभाळी. म्हणूनच खाणमालकास मजुराला एकट्याच्या पोटापुरते वेतन देऊन भागविता येई. तिची प्रतीक्षा म्हणजे बिनमोल श्रम होते.

लॉरेटा न्गकोबो यांची ‘अँड दे डिडन्ट डाय’ (१९९०) ही कादंबरी या व्यवस्थेचे अंतरंग उघड करते. नायिका जेझिले गावी, पती सियालो डर्बनला. पुढे उपाशी बालकासाठी गोऱ्या शेतमालकाच्या गाईचे दूध चोरल्याबद्दल त्याला दहा वर्षांची शिक्षा होते. जेझिले घरकामास जाते. तेथे गोरा मालक तिच्यावर बलात्कार करतो. मूल घेऊन परतलेली जेझिले स्वसमाजाच्या रूढीपुढेच दोषी ठरते. कायदा तिला एकटी पाडतो आणि रूढी त्या एकटेपणाचा हिशेब तिच्याकडेच मागते. हा दुहेरी जाच लेखिकेने कोठेही सौम्य केलेला नाही.

न्जाबुलो न्देबेले यांच्या ‘द क्राय ऑफ विनी मंडेला’ (२००३) मध्ये वाट पाहणाऱ्या चार स्त्रिया एकत्र येतात. एकीचा पती खाणीत, दुसरीचा परदेशी शिक्षणास, तिसरीचा देशाबाहेर लढ्यात व पुढे तुरुंगात गेलेला. चौथीचा पती घरी असूनही परस्त्रियांत रमलेला. त्या विनी मंडेला यांच्याशी कल्पित संवाद करतात. विनींचे पती १९६२ ते १९९० तुरुंगात होते. १९७७ साली विनींना ब्रँडफोर्ट येथे हद्दपार केले गेले. १९९१ साली त्या अपहरणप्रकरणी दोषी ठरल्या, हेही लेखक विसरू देत नाही. त्यांना तो देवी करीत नाही, कुलटाही ठरवीत नाही. स्वतःचा जाब स्वतः देणारी माणूस म्हणून उभी करतो. हे या कादंबरीचे मोठे यश होय.

तथापि एक उणीव नोंदविणे आम्हास आवश्यक वाटते. चार प्रतीक्षा एका पंक्तीत बसविल्याने कायद्याने तोडलेला संसार आणि पतीच्या स्वैरपणाने मोडलेला संसार यांतील भेद पुसट होतो. पुरुषसत्तेचा दोष ठळक होतो, पण जमीन व मजुरीचा प्रश्न मागे सरतो. न्गकोबो तो क्षणभरही नजरेआड होऊ देत नाहीत. उलट, स्त्रियांनी एकत्र बसून परस्परांची कहाणी ऐकण्याचे बळ न्देबेले यांच्याकडेच अधिक आहे.

म्हणून या दोन्ही कृती जोडीने वाचाव्यात, असे आमचे मत आहे. ज्या व्यवस्थेने स्त्रीला वाट पाहावयास लावले, तिचा न्यायनिवाडा प्रथम झाला पाहिजे. स्त्रीच्या निष्ठेची परीक्षा घेण्याचा अधिकार त्या व्यवस्थेला नाही, आणि तिच्या श्रमांवर जगलेल्या समाजालाही नाही.