लहान घनइंधन बॉयलर आणि कार्यक्षमतेचा आकडा

युरोपात घरे तापविण्यासाठी जे लहान घनइंधन बॉयलर वापरतात, त्यांच्या सुधारणेविषयीचे विवेचन बहुधा एका टक्केवारीपाशी येऊन थांबते. ती टक्केवारी कोणत्या पायावर उभी आहे, याची चिकित्सा क्वचितच होते.

युरोपीय मानक ई.एन. ३०३-५ निव्वळ उष्मांक प्रमाण मानते. १ जानेवारी २०२० पासून लागू झालेला युरोपीय संघाचा २०१५/११८९ हा नियम स्थूल उष्मांक धरतो. हा भेद केवळ परिभाषेचा नव्हे. शुष्क लाकडाचा स्थूल उष्मांक किलोस सुमारे १९.८ आणि निव्वळ १८.५ मेगाज्यूल धरला, तर २० टक्के ओलाव्यास निव्वळ उष्मांक १४.३ राहतो, ५० टक्के ओलाव्यास अवघा ८. निव्वळ पायावरील ९० टक्के कार्यक्षमता म्हणूनच स्थूल पायावर पहिल्या लाकडास सुमारे ८१ आणि दुसऱ्यास ७३ ठरते. पाण्याची वाफ करण्यात गेलेली उष्णता पहिल्या पद्धतीत हिशेबातच येत नाही. आपल्याकडे तांब्याच्या बंबात ओली लाकडे घालणाऱ्यास हे वेगळे सांगावयास नको.

याहून गंभीर आक्षेप अंशभाराविषयी आहे. घरास पूर्ण उष्णता वर्षातील थोडेच दिवस लागते. एरवी हवा कोंडून आच मंद करतात; मग ज्वलन अपुरे राहते, कार्बन मोनॉक्साइड व डांबर न जळता धुराड्यात जाते आणि उष्णताविनिमयाच्या पृष्ठांवर काजळीचा थर बसतो. स्वयंचलित बॉयलरसाठी नियमाने अंशभारास ०.८५ व पूर्णभारास ०.१५ असे वजन दिले आहे, हे योग्यच झाले. परंतु हाताने इंधन घालावयाचा जो बॉयलर निम्म्या भारावर सलग चालूच शकत नाही, त्याचे मापन पूर्णभारावरच होते. जणू दुबळेपणाचे ते बक्षीसच! उष्ण पाण्याची टाकी सोबत असेल, हे येथे गृहीत आहे. तथापि माहितीपुस्तिकेत तिची केवळ शिफारस असते. ज्याच्या घरी टाकी नाही, त्याच्या पदरी तो आकडा पडत नाही.

वस्तुतः टाकी हाच उपायाचा गाभा आहे. २० टक्के ओलाव्याच्या १२ किलो लाकडांत सुमारे ४८ किलोवॅट-तास उष्णता असते. त्यांपैकी ४२ पाण्यास मिळाल्या, तर १००० लिटर पाणी सुमारे ३६ अंश सेल्सिअसने तापते. इंधन एकदाच, पूर्ण आचेवर जाळावे आणि घराने ती उष्णता सावकाश उचलावी. त्याचबरोबर बॉयलरमध्ये परतणारे पाणी ५५ ते ६० अंशांखाली जाऊ न देणारी मिश्रणझडप हवी. अन्यथा थंड भिंतींवर आम्लयुक्त द्रव साचून लोखंड झिजते. अतिरिक्त हवेचे नियमनही महत्त्वाचे, पण ते टाकीनंतरचे.

पोलंडमधील क्राकूव शहराने १ सप्टेंबर २०१९ पासून घरगुती कोळसा व लाकूड जाळण्यास बंदी केली. तेथील प्रश्न मुख्यतः धुराचा होता. चाचणीमंचावरील टक्केवारी त्या धुराविषयी फारसे बोलत नाही, कारण न जळलेल्या वायूंत व कणांत जाणारी उष्णता एकूण हिशेबात अल्प असते. कार्यक्षमता दोन टक्क्यांनी वाढविल्याचे सांगणाऱ्या प्रबंधास परीक्षकाने प्रथम इंधनाचा ओलावा, उष्मांकाचा पाया, टाकीचे आकारमान आणि विझत्या आचेचे मापन विचारावे.