जी.पी.एस. नोंदींचे पायथन भाषेतून वाचन : प्रचलित अध्यापन-नमुन्याची समीक्षा

सारांश

पदवी व पदव्युत्तर स्तरावरील प्रकल्पांमध्ये जी.पी.एस. मॉड्यूलमधून येणारी माहिती पायथन या स्क्रिप्टिंग भाषेत लिहिलेल्या छोट्या कार्यक्रमाद्वारे वाचणे ही आता सर्वपरिचित बाब झाली आहे. प्रस्तुत लेखात या वाचनाच्या रूढ नमुन्याची चिकित्सा केली आहे. हा नमुना सुटसुटीत आहे, पण तो उपग्रह-ग्राहकाच्या विधानातील आकडे तेवढे उचलतो आणि त्या विधानातच असलेली संशयाची खूण टाकून देतो. परिणामी स्थान माहीत नसतानाही कार्यक्रम स्थान सांगत राहतो. सुरक्षाविषयक उपकरणांत हा दोष गंभीर ठरतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : जी.पी.एस., एन.एम.ई.ए. ०१८३, पायथन, चेकसम, स्थाननिश्चिती, प्रकल्प-मूल्यमापन

१. प्रस्तावना

अमेरिकेने मे २००० मध्ये नागरी जी.पी.एस. संकेतांतील हेतुपुरस्सर त्रुटी बंद केली आणि सामान्य माणसाच्या हातातील ग्राहक काही मीटरांपर्यंत स्थान सांगू लागला. पुढे २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा स्वस्त संगणक बाजारात आला. यू-ब्लॉक्स कंपनीच्या निओ-६एमसारखे नखाएवढे मॉड्यूल त्याला चार तारांनी जोडता येते. त्यामुळे एकेकाळी जहाजावर किंवा भूमापन कार्यालयात असणारी सोय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आली. बसचा मागोवा, महिला सुरक्षा यंत्र, रुग्णवाहिकेची वाटचाल असे विषय प्रकल्पांच्या यादीत दरवर्षी आढळू लागले.

या सर्व प्रकल्पांच्या मुळाशी वाचनाची एकच कृती असते. मॉड्यूल एकामागून एक ओळी पाठवते आणि पायथनमधील कार्यक्रम त्या वाचतो. साहित्याच्या अभ्यासकाला परिचित असलेला प्रश्न येथेही लागू होतो : अक्षरे ओळखली म्हणजे मजकूर वाचला, असे म्हणता येईल काय?

२. प्रचलित नमुना आणि त्याचे गुण

बहुतेक प्रात्यक्षिक पुस्तिकांतील कार्यक्रम दहा-पंधरा ओळींचा असतो. पाय-सीरियल या ग्रंथालयाच्या साहाय्याने ९६०० बॉड वेगाने पोर्ट उघडायचे, एक ओळ वाचायची, ती 'जी.पी.आर.एम.सी.' या अक्षरांनी सुरू होते का ते पाहायचे, स्वल्पविरामांवर तिचे तुकडे करायचे, चौथा व सहावा तुकडा अनुक्रमे अक्षांश व रेखांश म्हणून छापायचा आणि क्षणभर थांबून पुन्हा तेच करायचे, अशी त्याची मांडणी असते.

या नमुन्याचे गुण नाकारण्याचे कारण नाही. अमेरिकेतील नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशनने १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेले ०१८३ हे मानक मुळात जहाजावरील उपकरणांच्या परस्परसंवादासाठी होते. त्यातील प्रत्येक संदेशाला 'वाक्य' म्हणतात. वाक्य डॉलरच्या चिन्हाने सुरू होते, त्याची लांबी ८२ अक्षरांपलीकडे जात नाही आणि ते डोळ्यांनी वाचता येते. वाक्यांचे तुकडे करणे हे पायथनचे बलस्थान आहे. विद्यार्थी पहिल्याच तासाला अवकाशातून आलेली माहिती पडद्यावर पाहतो. या आनंदाचे शैक्षणिक मोल मोठे आहे. प्रश्न आहे तो या आनंदापाशीच थांबण्याचा.

३. आकड्यांचे चुकीचे वाचन

पहिला दोष अक्षांश-रेखांशांच्या लेखनपद्धतीशी निगडित आहे. वाक्यातील आकडा दशांश अंशांत नसून अंश व मिनिटे यांचा जोड असतो. पुणे शहरातील एखाद्या ठिकाणाचा अक्षांश १८३१.२००० असा येतो. त्याचा अर्थ १८ अंश ३१.२ मिनिटे, म्हणजेच १८.५२ अंश. ही संख्या नुसती शंभराने भागल्यास १८.३१२ मिळते. रेखांश ०७३५१.३००० याचे खरे मूल्य ७३.८५५ अंश असताना त्याच रीतीने ७३.५१३ मिळते. या दोन चुका मिळून पुण्यातील ठिकाण नैर्ऋत्येस सुमारे ४३ किलोमीटर सरकून सह्याद्रीच्या डोंगराळ भागात जाते.

अक्षांशातील अंश दोन अंकी व रेखांशातील तीन अंकी असतात, हे विसरल्यास प्रमाद अधिक विलक्षण होतो. रेखांशाचे पहिले दोनच अंक अंश मानले तर ७ अंश ३५१.३ मिनिटे, म्हणजे १२.८५५ अंश असे उत्तर येते आणि तेच ठिकाण सहारा वाळवंटात, नायजर देशातील बिल्मा या गावाच्या परिसरात जाऊन पडते. ही चूक ठळक असल्याने लगेच लक्षात येते. ४३ किलोमीटरांची चूक मात्र अनेकदा 'मॉड्यूलची त्रुटी' म्हणून खपून जाते. ती ओळखण्याची खूण सोपी आहे : मिनिटे कधीच साठ होत नाहीत, त्यामुळे अशा सदोष नोंदींचा अपूर्णांक भाग ०.६० च्या पुढे कधीच जात नाही. लांबच्या प्रवासात १८.५९९९ नंतर एकदम १९.०००० येते आणि नकाशावरील वाट मध्येच तुटते. विद्यार्थ्याने नोंदींचा तक्ता चिकित्सकपणे पाहिला, तर यंत्राला दोष देण्याची वेळ येणार नाही.

वाक्याच्या आरंभीच्या अक्षरांबाबतही असेच घडते. 'जी.पी.' ही खूण केवळ अमेरिकी जी.पी.एस.ची आहे. अनेक प्रणालींचे उपग्रह एकत्र वापरणारी मॉड्यूल 'जी.एन.' अशी खूण पाठवतात. जुन्या मॉड्यूलसाठी लिहिलेला कार्यक्रम नव्या मॉड्यूलपुढे मूक बसतो, कारण तो वाक्याचा प्रकार न पाहता वक्त्याचे नाव पाहत असतो.

४. मौनाचे वाचन

याहून महत्त्वाचा दोष दुसरा आहे. आर.एम.सी. वाक्यात वेळेनंतर लगेच एक अक्षर येते. ते 'ए' असल्यास नोंद ग्राह्य, 'व्ही' असल्यास अग्राह्य. जी.जी.ए. या वाक्यात हेच काम गुणवत्तेचा अंक करतो : शून्य म्हणजे स्थान निश्चित झालेले नाही. ताऱ्याच्या चिन्हानंतर येणारे दोन अंक हा चेकसम असतो. मधल्या सर्व अक्षरांवर एक्स-ऑर ही क्रिया करून तो काढतात आणि वाटेत अक्षर बिघडले असल्यास बहुधा उघडकीस येते. अशा प्रकारे मानकाने प्रत्येक विधानाबरोबर त्याच्या विश्वसनीयतेचा दाखला जोडला आहे. प्रचलित नमुना नेमका हा दाखला वाचत नाही.

छपराखाली किंवा बोगद्यात मॉड्यूलला उपग्रह दिसेनासे झाले की स्थानाचे रकाने बहुधा रिकामे येतात. रिकाम्या रकान्याचे संख्येत रूपांतर करताना पायथन त्रुटी दाखवतो. ही त्रुटी वस्तुतः उपयुक्त आहे, कारण ती 'माहिती नाही' असे सांगते. परंतु कार्यक्रम बंद पडू नये म्हणून विद्यार्थी अपवाद-हाताळणीची दोन ओळी घालतो, त्रुटी गिळून टाकतो आणि पुढे जातो. चलात मागचे मूल्य तसेच राहते, पडद्यावर तेच छापले जाते. पाहणाऱ्याला वाटते की वाहन थांबले आहे. प्रत्यक्षात वाहन पुढे गेलेले असते आणि कार्यक्रमाला त्याचा पत्ता नसतो.

तयार ग्रंथालय वापरल्याने हा प्रश्न आपोआप सुटत नाही. 'पाय-एन.एम.ई.ए.-२' हे लोकप्रिय ग्रंथालय अंश-मिनिटांचे रूपांतर बिनचूक करते आणि वाक्यात चेकसम असल्यास तो पडताळते. मात्र रकाना रिकामा असेल तेव्हा त्याचा अक्षांश हा गुणधर्म शून्य देतो. शून्य हे तर खरेखुरे स्थान आहे : शून्य अक्षांश व शून्य रेखांशाचा बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेस गिनीच्या आखातात येतो. त्यामुळे ग्राह्यतेचे अक्षर न तपासणाऱ्या कार्यक्रमात अभावाचे रूपांतर एका चुकीच्या विधानात होते. याउलट जी.पी.एस.डी. ही सेवा प्रत्येक अहवालाबरोबर स्थाननिश्चिती नाही, द्विमितीय आहे की त्रिमितीय आहे, हे स्वतंत्रपणे कळवते. दोन्ही साधने उपयुक्तच आहेत, परंतु त्यांच्या मौनाचा अर्थ वेगवेगळा आहे आणि तो वापरणाऱ्याने समजून घेतला पाहिजे.

५. काळाचे वाचन

स्थानाचे विधान नेहमी एखाद्या क्षणाचे असते. निओ-६एम मॉड्यूल मूळ मांडणीत दर सेकंदाला अनेक प्रकारची वाक्ये पाठवते. कार्यक्रम मात्र एक ओळ वाचून एक सेकंद थांबतो. न वाचलेली वाक्ये संगणकाच्या वाचन-साठ्यात जमत जातात. लिनक्समध्ये या साठ्याची मर्यादा साधारणतः ४०९६ बाइट असते. सरासरी साठ अक्षरांची वाक्ये धरली तर त्यात सुमारे ६८ वाक्ये मावतात. साठा भरल्यावर दर सेकंदाला एक वाक्य उचलणारा कार्यक्रम सुमारे एक मिनिटापूर्वीची नोंद वाचत असतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी बस तेवढ्या वेळात साडेसहाशे मीटर पुढे गेलेली असते.

हा दोष प्रयोगशाळेत कधीच दिसत नाही, कारण तेथे मॉड्यूल मेजावर स्थिर असते. मिनिटापूर्वीचे स्थान आणि आताचे स्थान एकच. परीक्षा यशस्वी होते, दोष मात्र रस्त्यावर प्रकट होतो. वाक्यातील वेळ आणि संगणकाची वेळ यांची तुलना केली, तर तो तत्काळ उघड होऊ शकतो. परंतु वेळेचा रकाना बहुधा वाचलाच जात नाही.

तो वाचला तरी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. ही वेळ जागतिक समन्वित वेळ असल्याने भारतीय प्रमाणवेळेसाठी तीत साडेपाच तास मिळवावे लागतात, आणि पहाटे साडेपाचपर्यंतच्या नोंदींवर आदल्या दिवसाची तारीख असते. शिवाय जी.पी.एस.च्या मूळ संदेशातील आठवड्याचा क्रमांक दहा बिटांचा असल्यामुळे १०२४ आठवड्यांनी तो पुन्हा शून्य होतो. असे ऑगस्ट १९९९ व एप्रिल २०१९ मध्ये घडले, नोव्हेंबर २०३८ मध्ये पुन्हा घडेल. त्यासाठी तजवीज नसलेली जुनी मॉड्यूल साडेएकोणीस वर्षांहून अधिक मागची तारीख सांगतात.

६. अचूकतेचा आभास

मिनिटाच्या पाच दशांश स्थळांपर्यंत दिलेला अक्षांश कागदावर दोन सेंटीमीटरांच्या आतला फरक दाखवतो. पायथनमधील भागाकारानंतर तर दशांशानंतरचे अंक आणखी वाढतात. परंतु निओ-६एमच्या माहितीपत्रकातील आडवी अचूकता २.५ मीटर आहे आणि तीही अनुकूल स्थितीतील निम्म्या नोंदींपुरती. उरलेल्या निम्म्या नोंदी त्या वर्तुळाबाहेर असतात. उंच इमारतींमध्ये परावर्तित संकेतांमुळे चूक कितीतरी वाढते. एच.डी.ओ.पी. हा आकडा मीटर समजून छापणे हीदेखील सार्वत्रिक चूक आहे. तो केवळ उपग्रहांच्या मांडणीमुळे त्रुटी किती पटींनी वाढेल याचा गुणक आहे. प्रकल्प-अहवालात आठ दशांश स्थळे दिसली म्हणजे प्रयोग अचूक झाला असे मानणे, हा वाचनाचा नव्हे तर निर्णयाचा दोष होय.

७. संभाव्य आक्षेप

नवशिक्या विद्यार्थ्यावर एवढा भार टाकू नये, असा आक्षेप येथे घेता येईल. त्यात तथ्य आहे. पहिल्या तासाला दहा ओळींचाच कार्यक्रम असावा. परंतु तोच कार्यक्रम वर्षाअखेरीस 'सुरक्षा यंत्र' या नावाने सादर होतो, तेव्हा निकष बदलले पाहिजेत. भारतात १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक सेवा वाहनांत स्थानमागोवा उपकरण व आपत्कालीन कळ बंधनकारक करण्यात आली. आज प्रयोगशाळेत लागलेली सवय उद्या अशा उपकरणांत उतरणार आहे. संकटात कळ दाबणाऱ्या व्यक्तीच्या मदतीला धावणारे लोक पडद्यावरील ठिकाणी पोचतील. ते ठिकाण मिनिटापूर्वीचे किंवा बोगद्याच्या तोंडाशी गोठलेले असेल, तर 'स्थान उपलब्ध नाही, शेवटची नोंद अमुक वेळेची' हे प्रामाणिक उत्तर अधिक उपकारक ठरले असते.

दुरुस्तीही अवघड नाही. चेकसम पडताळणे, 'ए' नसल्यास नोंद न स्वीकारणे, रिकाम्या रकान्यासाठी शून्याऐवजी पायथनमधील 'नन' हे मूल्य ठेवणे, न थांबता सर्व ओळी वाचत राहणे आणि प्रत्येक स्थानाबरोबर त्या नोंदीचे वय दाखवणे एवढ्याने भागते. यासाठी वीस-पंचवीस ओळींहून अधिक लेखन लागत नाही.

८. समारोप

जी.पी.एस. मॉड्यूलचे वाक्य केवळ आकडे पुरवत नाही. ते आकडे कोणत्या क्षणाचे आहेत आणि त्यांवर विश्वास ठेवावा की नाही, हेही ते सांगते. प्रचलित नमुना आकडे घेतो आणि बाकीचे सोडतो, म्हणून ते वाचन अपुरे ठरते. हा दोष पायथन भाषेचा नाही, मानकाचा तर नाहीच. तो अध्यापनाच्या व मूल्यमापनाच्या सवयीचा आहे, आणि म्हणूनच तो दूर करणे अध्यापकांच्या हाती आहे. प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत नकाशावरील ठिपका पाहून समाधान मानण्याऐवजी परीक्षकाने मॉड्यूलचा अँटेना पत्र्याच्या डब्याखाली झाकावा आणि पाच मिनिटांनी पडदा पुन्हा पाहावा. पडद्यावर तेव्हाही तोच ठिपका ठामपणे दिसत असेल, तर त्या कार्यक्रमाला अजून वाचता येत नाही, असे समजावे.