नियमानं तुटलेली नाती

प्रेमकथेत ताटातूट घडवायला जात, पैसा, गैरसमज, घरचा विरोध यांतलं काहीही चालतं. विज्ञानकथेत ती निसर्गनियमातून यायला हवी. कथेतलं विज्ञान काढून घेतल्यावरही वाचक तितकाच हळहळत असेल, तर ते विज्ञान नुसतं नेपथ्य होतं, असं माझं ठाम मत आहे.

लेस्टर डेल रे यांची 'हेलन ओ'लॉय' (१९३८) इथेच अडखळते. मालिका बघून प्रेम शिकलेली यंत्रस्त्री नवरा गेल्यावर स्वतःचाही शेवट मागते. पतिव्रतेची जुनीच कहाणी, फक्त धातूत ओतलेली. सहा वर्षांनी सी. एल. मूर यांनी 'नो वुमन बॉर्न'मध्ये प्रश्नच बदलला. आगीत होरपळलेली नर्तकी डिअर्ड्रे धातूच्या देहात परत येते. तिच्यावर जीव टाकणारे पुरुष तिच्या काळजीनं खंगतात, आणि ती मात्र त्यांच्या हाती लागणार नाही अशा कुठल्याशा अवस्थेकडे सरकत असते. हा दुरावा त्या देहाशिवाय शक्यच नव्हता.

टॉम गॉडविन यांच्या 'द कोल्ड इक्वेशन्स'मध्ये (१९५४) भावाला भेटायला निघालेली मुलगी औषधं नेणाऱ्या यानात लपते. इंधन मोजून भरलेलं, म्हणून तिला अवकाशात सोडावं लागतं. तिला वाचवणारे मसुदे संपादक जॉन कॅम्पबेल यांनी परत पाठवले होते. मला मात्र ते गणित पटत नाही. राखीव इंधन न ठेवणं हा माणसांचा हलगर्जीपणा, निसर्गाचा नियम नव्हे. खरा नियम कथेत दुसरीकडेच आहे: भावाबहिणीचं रेडिओवरचं शेवटचं बोलणं चालू असताना ग्रह फिरतो आणि भाऊ टप्प्याबाहेर जातो. तिथे कुणालाच बोल लावता येत नाही.

टेड चियांग यांची 'स्टोरी ऑफ युअर लाइफ' (१९९८) मला या सगळ्यांत श्रेष्ठ वाटते. परग्रहवासीयांची लिपी शिकताना भाषातज्ज्ञ लुईसला स्वतःचं पुढलं आयुष्य आठवू लागतं. नवऱ्याशी काडीमोड होणार, मुलगी पंचविसाव्या वर्षी कडा चढताना जाणार, हे ठाऊक असूनही ती संसार मांडते. एक प्रसंग बघा. लहानग्या मुलीच्या कपाळावर लाकडी वाडगा पडून टाका घालावा लागणार, हे तिला माहीत आहे. दुकानात तोच वाडगा दिसतो आणि ती तो उचलते. प्रकाशकिरण आधीच मुक्काम ठाऊक असल्यासारखा सर्वांत कमी वेळाचा मार्ग धरतो, हे फर्माचं तत्त्व चियांग यांनी एका आईच्या हातात उतरवलं आहे. २०१६च्या 'अरायव्हल' चित्रपटात मुलगी आजारानं जाते. कड्यावरून पडणाऱ्या मुलीला एका शब्दानं अडवता आलं असतं. ती धार चित्रपटानं घालवली.

मराठीत जयंत नारळीकरांनी १९७४ साली टोपणनावानं 'कृष्णविवर' लिहून विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पारितोषिक मिळवलं. तेव्हापासून आपल्या विज्ञानकथेनं विज्ञान समजावण्याची जबाबदारी मनापासून पेलली. त्याची किंमत प्रेमानं मोजली. अफाट वेगानं प्रवास करून तरुणच परतलेला नवरा आणि इकडे म्हातारी झालेली बायको, यांत काळ का मंदावला हे आपण दोन पानं सांगतो. दार उघडल्यावर ती त्याला काय म्हणाली, यासाठी बहुतेकदा दोन ओळी उरतात. ती दोन पानं तिला मिळायला हवीत.