खोटं चालवणारे हात

‘खोटं बोलू नये’ हे आपण पाठशाळेतच शिकतो. पण ऐकलेलं खोटं पुढं पाठवू नये, हे कुणी तितक्या जोरानं सांगत नाही. फोन हातात आल्यापासून ही उणीव फार जाणवते. म्हणून मार्च २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला एक शोधनिबंध मी लेकीकडून समजून घेत पुन्हा पुन्हा वाचला. तो अमेरिकेतल्या एमआयटीच्या सोरुश वोसुघी, देब रॉय आणि सिनान अरल यांचा.

२००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्या त्यांनी तपासल्या. सुमारे ३० लाख लोकांनी त्या ४५ लाखांहून अधिक वेळा फिरवल्या होत्या. खरं-खोटं ठरवलं ते सहा पडताळणी संस्थांच्या निकालावरून. निष्कर्ष असा, की खोटी बातमी पुढं जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त असते. दीड हजार माणसांपर्यंत पोचायला खऱ्याला खोट्याच्या सुमारे सहापट वेळ लागतो. ‘हे सगळं यंत्रं करतात’ असं आपण म्हणतो. त्यांनी यंत्रानं चालणारी खाती वगळून पुन्हा हिशेब केला, तरी फरक तसाच राहिला. म्हणजे हात माणसांचेच!

हे एवढं स्पष्ट दाखवलं, ही या निबंधाची मोठी कामगिरी. पण त्याचं कारण मला अपुरं वाटतं. ते म्हणतात, खोट्यात नवलाई असते. खोट्याला आलेल्या उत्तरांत भीती, किळस, आश्चर्य जास्त दिसतं. ठीक आहे. पण भीती कुणाची? भीती मोजता येते, ती कुणाच्या माथी मारली जाते हे त्या आकड्यांत येत नाही. शिवाय ट्विटर म्हणजे चव्हाटा. आपल्याकडचं खोटं फिरतं ते घरच्या, मंडळाच्या ग्रुपमध्ये, ओळखीच्या माणसाच्या विश्वासावर.

त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावानं पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेले. फोननं फक्त भीती पोचवली. भटक्या माणसावरचा संशय आधीपासूनच मनात होता. त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढं पाठवण्याची मर्यादा घातली. वेग कमी झाला तर बरंच आहे. पण ती मर्यादा खऱ्या-खोट्याला सारखीच. संशयाला ती हात लावत नाही.

आपल्या शास्त्रकारांनी सत्याणुव्रताच्या अतिचारांत मिथ्योपदेश आणि कूटलेखक्रिया घातल्या आहेत: चुकीचं सांगणं आणि खोटा लेख करणं. आणि हिंसेच्या मुळाशी प्रमाद ठेवला आहे, बेसावधपणा. ‘मी कुठं लिहिलं, मी तर नुसतं पाठवलं’ ही पळवाट तिथं चालत नाही.

आता माझंच सांगते. गेल्या चातुर्मासात आमच्या श्राविका मंडळाच्या ग्रुपवर मजकूर आला: चादरी विकणाऱ्या परक्या बायका गल्लीत फिरतायत, मुलं सांभाळा. गावाचं नाव नाही, तारीख नाही. पाठवणाऱ्या आक्का वयानं मोठ्या, म्हणून मी गप्प बसले. दोन दिवसांनी भर उन्हात एक चादरवाली आली. शेजारणीनं तिला घोटभर पाणीही न देता हाकललं. पाणी गाळून पिणारी आपण माणसं!

त्या संध्याकाळी मी आक्कांकडं गेले. त्या म्हणाल्या, “अगं, नातवंडांच्या काळजीनं पाठवलं गं.” त्यात नवलाईची हौस नव्हती, मायाच होती. म्हणूनच तो मजकूर कुणी तपासला नाही. संशोधकांनी हे मोजायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मी म्हटलं, “आक्का, मला तेव्हाच ते खोटं वाटलं होतं.”

आक्का माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मग तेव्हाच का नाही बोललीस?”